व्हायवाच्या धाकानं घडलेली पद्धत

व्यवस्थापनशास्त्राच्या नियतकालिकांत मुलाखतींवर आधारलेले जे लेख हल्ली छापून येतात, त्यांत एक आकृती हमखास भेटते. डावीकडच्या चौकटींत लोकांच्या बोलण्यातले तुकडे, मधल्या रांगेत संशोधकानं त्यांना दिलेली नावं, उजवीकडे दोन-तीन जाडजूड संकल्पना आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या रेघा. पीएचडीला नाव नोंदवलेला विद्यार्थी ही आकृती फार लवकर शिकतो. बाकीच्या गोष्टीही तो क्रमानं शिकतो: किती मुलाखती पुरेशा म्हणायच्या, कोडिंग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, ते दुसऱ्याकडून तपासून घेऊन जुळणीचा आकडा कसा काढायचा, पद्धतीच्या प्रकरणात कोणाकोणाची नावं घ्यायची. हे सगळं पाहिलं की वाटतं, गुणात्मक पद्धत म्हणजे अशा पायऱ्यांचा संच. तो कुणीतरी आधी विचारपूर्वक बांधला आणि मग लोक त्याप्रमाणे काम करू लागले. घडलं नेमकं उलट. काम आधी झालं, तेही पायऱ्यांशिवाय. शिकवणं एकमेकांची टिपणं वाचून, शेजारी बसून, चुका दाखवून होत राहिलं. पायऱ्या मागाहून लिहिल्या गेल्या, आणि बहुतांशी परीक्षकांच्या शंकांना उत्तर म्हणून. बिझनेस स्कूलमधल्या विद्यार्थ्याला आज जे शिकवलं जातं त्यातला मोठा भाग संशोधन करण्याचा नसून केलेल्या संशोधनाचा बचाव करण्याचा आहे, असं माझं म्हणणं आहे; आणि ही अदलाबदल कशी झाली ते सालवार दाखवता येतं.

सुरुवातीला बचावाची गरजच नव्हती, कारण आरोप करणारं कुणी नव्हतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूल १८८१ साली निघालं, हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ साली, आणि व्यवसायशास्त्रात पीएचडी देण्याचा अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठानं १९२० साली सर्वांत आधी सुरू केला. या संस्थांना स्वतःची अशी संशोधनपद्धत नव्हती. हार्वर्डनं १९११ साली संशोधन कार्यालय उघडलं तेव्हा पहिलं मोठं काम हाती घेतलं ते चपला-बुटांच्या किरकोळ दुकानांचे हिशेब गोळा करण्याचं, आणि दुकानदारांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून आधी हिशेबाचा एकसारखा नमुना बनवावा लागला. कामावर माणसं काय करतात, काय बोलतात, हेही संशोधनाचं काम असू शकतं, ही कल्पना वर्गातून आली नाही. ती कारखान्यातून आली.

शिकागोला लागून असलेल्या सिसरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री तिथे बनत असे. उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे पाहण्याचे प्रयोग तिथे १९२४ साली सुरू झाले आणि १९३२पर्यंत या ना त्या रूपात अभ्यास चालू राहिला. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत त्यातलं उजेडाचं आणि रिले जोडणाऱ्या मुलींच्या खोलीचं प्रकरण येतं. पद्धतीच्या इतिहासात त्याहून मोलाचं आहे ते १९२८ साली सुरू झालेलं मुलाखतींचं काम. दोन-अडीच वर्षांत वीस हजारांहून अधिक मुलाखती झाल्या, आणि त्या घेणारी माणसं कंपनीचीच होती. आधी त्यांच्या हातात ठरलेले प्रश्न असत: साहेब कसा आहे, काम कसं आहे, जागा कशी आहे. कामगार विषय सोडून भलतंच बोलत आणि मुलाखतकार त्यांना पुन्हा पुन्हा प्रश्नावर आणत. हळूहळू लक्षात आलं की माणसाला जे सांगायचं आहे ते या भलत्या बोलण्यातच आहे. १९२९च्या मध्याला प्रश्नांची यादी बाजूला पडली. समोरचा जो विषय काढेल तोच पुढे न्यायचा. सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही, साहेबी दाखवायची नाही. अर्ध्या तासाची मुलाखत सरासरी दीड तासावर गेली आणि अडीच पानांचं टिपण दहा पानांवर. एल्टन मेयो हार्वर्डहून येऊन या मंडळींना सल्ला देत होते, हे खरं. पण ठरलेल्या प्रश्नांचं अपुरेपण आधी मुलाखतकारांच्याच टिपणांतून उघड झालं होतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे नोव्हेंबर १९३१मध्ये सुरू झालेली निरीक्षणाची खोली. टेलिफोन एक्स्चेंजसाठी लागणाऱ्या संचांना तारा जोडणारे नऊ जण, डाख देणारे तिघे आणि दोन तपासनीस, असे चौदा पुरुष तिथे नेहमीचंच काम करत. एक निरीक्षक त्याच खोलीत बसे. मुलाखतकार बाहेर राही आणि खोलीत शक्यतो पाऊल टाकत नसे. निरीक्षकानं कसं वागायचं हे लिहून ठेवलेलं होतं: हुकूम द्यायचा नाही, आपण होऊन वादात पडायचं नाही, कान टवकारून बसल्यासारखं दिसायचं नाही, कानावर आलेलं वरिष्ठांना सांगायचं नाही, बोलण्या-चालण्यात वेगळेपणा दाखवायचा नाही. या सूचना वागणुकीच्या आहेत. नमुना किती, वर्गवारी कशी, यातलं त्यांत काहीच नाही. आणि हाती लागलं ते असं. दिवसाला किती काम ‘रास्त’ याचा आकडा मंडळींनी आपसांत ठरवलेला होता. त्याहून जास्त भराभर काम करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे. एखाद्या दिवशी जास्त झालेलं काम सगळं सांगायचं नाही, कमी पडेल त्या दिवशी त्यात भर घालायची. म्हणून कंपनीच्या नोंदींतला कामाचा आलेख सपाट दिसे आणि प्रत्यक्षातला वरखाली. हे आकड्यांच्या वहीतून कधीच कळलं नसतं, कारण आकड्यांची वही हीच तर त्या मंडळींची कारागिरी होती. अभ्यासाची आखणी करायला लॉइड वॉर्नर या मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतलेली होती. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबरोबर राहून आलेला हा माणूस शिकागोच्या कारखान्यातल्या टोळीकडे त्याच नजरेनं पाहू शकला. मे १९३२मध्ये मंदीमुळे काम आटलं आणि खोली बंद झाली. फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांचं ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ त्यानंतर सात वर्षांनी, १९३९ साली आलं. या जाड पुस्तकात मुलाखत कशी बदलत गेली याची हकीकत आहे, पण ती घडून गेलेल्या गोष्टीची हकीकत आहे.

वॉर्नर १९३५ साली शिकागो विद्यापीठात गेले. तिथल्या समाजशास्त्र विभागात एव्हरेट ह्यूज फील्डवर्क शिकवत, आणि शिकवण्याची रीत सरळ होती: विद्यार्थ्याला शहराच्या एखाद्या भागात पाठवायचं, पाहिलेलं-ऐकलेलं लिहून आणायला लावायचं आणि त्या लिहिलेल्यावर बोलायचं. पुढे संघटनांच्या अभ्यासात ज्यांची नावं गाजली त्यांतले बरेच जण याच विभागातून गेले. डोनाल्ड रॉय यांनी १९४४-४५मध्ये एका यंत्रशाळेत ड्रिल मशीनवर अकरा महिने नोकरी केली आणि रोजची कमाई, रोजचं बोलणं टिपून ठेवलं. त्यातून त्यांचा १९५२चा प्रबंध झाला. मेल्व्हिल डाल्टन कारखान्यांतल्या व्यवस्थापकांमध्ये त्यांच्यातलाच एक होऊन वावरले. कुणाला किती पगार आहे ही माहिती त्यांना कार्यालयातल्या एका सेक्रेटरीकडून मिळाली, आणि बदल्यात तिला तिच्या प्रेमप्रकरणात त्यांचा सल्ला हवा होता, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. आजच्या नैतिकता समित्यांपुढे हे टिकणार नाही, आणि टिकू नये हे बरंच आहे. पण आपण काय केलं हे इतक्या उघडपणे सांगणारं पद्धतीचं प्रकरण हल्लीच्या प्रबंधांत शोधून सापडायचं नाही.

व्हायवाचा पहिला ठसठशीत प्रसंगही याच विभागातला. विल्यम फूट व्हाइट यांनी बॉस्टनच्या इटालियन वस्तीत साडेतीन वर्षं काढून ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ लिहिलं आणि १९४३ साली तेच पीएचडीसाठी शिकागोत सादर केलं. लुई वर्थ यांनी तोंडी परीक्षेत विचारलं, गलिच्छ वस्तीची तुमची व्याख्या काय, आणि आधीच्या साहित्याचा आढावा कुठे आहे? व्हाइट यांचं म्हणणं होतं की त्या साहित्यानं वस्तीला मुळातच अव्यवस्थित ठरवून टाकलं आहे आणि आपल्याला तिथे वेगळंच दिसलं. ह्यूज मध्ये पडले. तडजोड झाली ती अशी: प्रबंध आहे तसा मान्य, पण साहित्याचा आढावा वेगळा लिहून त्याला जोडायचा. म्हणजे ज्या प्रकरणाशिवाय संशोधन झालं होतं, ते प्रकरण परीक्षेपायी मागाहून शिवायचं ठरलं. आपण वस्तीत नेमके कसे राहिलो, कुठे चुकलो, कोणी सांभाळून घेतलं, हे व्हाइट यांनी १९५५च्या आवृत्तीला जोडलेल्या परिशिष्टात लिहिलं. पिढ्यान् पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी फील्डवर्क शिकण्यासाठी वाचलं ते हे परिशिष्ट. परीक्षकांनी मागितलेला आढावा कोण वाचतं?

शिकागोच्या तडजोडीत निदान ह्यूज यांच्यासारखा जाणता माणूस परीक्षकांत होता. बिझनेस स्कूलमध्ये मात्र १९५९नंतर परीक्षकच बदलले. त्या वर्षी फोर्ड प्रतिष्ठानानं आणि कार्नेगी प्रतिष्ठानानं स्वतंत्रपणे करवून घेतलेले दोन अहवाल बाहेर पडले, आणि दोघांचाही सूर एकच होता: व्यवसायशिक्षण उथळ आहे, शिक्षक नीट प्रशिक्षित नाहीत, संशोधनाला शास्त्राचा पाया नाही. ही टीका बरीचशी रास्त होती, हे मान्य करायला हवं. दुकानदारी शिकवणारे अनेक वर्ग तेव्हा खरोखरच भुसभुशीत होते. उपाय म्हणून फोर्डच्या पैशावर १९५९-६०मध्ये हार्वर्डला व्यवसायशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी वर्षभराचा गणिताचा वर्ग भरला, आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९४९ साली निघालेलं, हर्बर्ट सायमन यांच्या विचारावर उभं असलेलं स्कूल आदर्श मानलं गेलं. काही वर्षांतच पीएचडीच्या समितीवर बसणारी माणसं संख्याशास्त्रात, अर्थशास्त्रात, मानसशास्त्रातल्या प्रयोगांत वाढलेली होती. त्यांना टिपणवही वाचायची सवय नव्हती. त्यांचे प्रश्न त्यांच्या शास्त्राचे होते: नमुना कसा निवडला, दुसऱ्यानं केलं तर हेच येईल का, निष्कर्ष किती जणांना लागू? अशा वेळी गुणात्मक काम करणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. प्रश्नच चुकीचा आहे असं म्हणायचं, किंवा त्या प्रश्नांच्या भाषेत उत्तर देता येईल अशी कामाची मांडणी करायची. ज्याला पदवी हवी आहे तो कोणती वाट धरणार हे सांगायला नको.

हेन्री मिंट्झबर्ग यांचा एमआयटीतला १९६८चा प्रबंध हे याचं चांगलं उदाहरण आहे. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांची इच्छा होती की कुणीतरी आपल्या कामाचं निरीक्षण करावं. मिंट्झबर्ग यांनी आधी नकार दिला. एमआयटीचा प्रबंध असा असतो का, हा प्रश्न त्यांना छळत होता. पुढे ते निरीक्षणाकडे वळलेच, पण वेगळ्या तऱ्हेनं. पाच संस्थांचे पाच प्रमुख, प्रत्येकी एक आठवडा. आलेल्या-गेलेल्या ८९० पत्रांची आणि ३६८ भेटी-संभाषणांची वर्गवार नोंद. निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत आटोपत आणि तासाहून जास्त चालणारी दहातली एक, हा त्यांचा निष्कर्ष गाजला, आणि साहेब शांतपणे बसून योजना आखतात ही समजूत त्यानं मोडली. निरीक्षणाची ताकद इथे स्पष्ट दिसते. पण मोजणीचा हा कडेकोट आराखडा विषयानं मागितला होता की परीक्षकांनी, असा प्रश्न उरतोच. त्याच मिंट्झबर्ग यांनी १९७९ साली साध्या, थेट संशोधनाची बाजू घेणारा लेख लिहिला, तेव्हा त्यांना कुणाची परीक्षा द्यायची नव्हती.

बचावाचं सर्वांत प्रभावी पुस्तक आलं ते व्यवसायशास्त्राबाहेरून. बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस यांचं ‘द डिस्कव्हरी ऑफ ग्राउंडेड थिअरी’ १९६७ सालचं. स्ट्राउस शिकागोच्या मुशीतले, ग्लेझर कोलंबियात पॉल लाझर्सफेल्ड यांच्या संख्याशास्त्री वातावरणात तयार झालेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिचर्या महाविद्यालयात दोघं एकत्र आले आणि रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या रुग्णांशी डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक कसे वागतात याचा त्यांनी अभ्यास केला. तो अभ्यास १९६५ साली छापला गेला. पद्धतीचं पुस्तक दोन वर्षांनी, म्हणजे इथेही काम आधी आणि पायऱ्या नंतर. तरुण संशोधकाच्या हातात काहीतरी द्यावं, त्यानं मोठ्यांच्या सिद्धान्तांची हमाली करत बसू नये, असा या पुस्तकाचा उघड हेतू होता, आणि तो स्तुत्य होता. पण विद्यार्थ्यांनी त्यातून उचललं ते मुख्यतः नाव. ते इतकं सर्रास घेतलं जाऊ लागलं की २००६ साली रॉय सडाबी यांना व्यवस्थापनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात, ग्राउंडेड थिअरी म्हणजे काय नव्हे, याचीच यादी करावी लागली. दरम्यान स्ट्राउस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्याबरोबर १९९० साली पायऱ्यांचं सविस्तर पुस्तक काढलं आणि ग्लेझर इतके संतापले की १९९२ साली त्यांनी त्याला उत्तर देणारं आख्खं पुस्तक स्वतः छापलं. त्यांची तक्रार थोडक्यात अशी होती की या पायऱ्यांनी सामग्रीतून काही उमलत नाही, तिच्यावर लादलं जातं.

बिझनेस स्कूलच्या आत शिकागोची परंपरा टिकली ती एमआयटीत, जॉन व्हॅन मानेन यांच्याभोवती. स्वतःच्या पीएचडीसाठी त्यांनी पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेतलं होतं आणि गस्तीच्या गाडीतून फिरले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्टीफन बार्ली यांनी दोन रुग्णालयांत एकाच प्रकारचं सीटी स्कॅनचं यंत्र आलं तेव्हा क्ष-किरण विभागात महिनोन् महिने बसून पाहिलं, की तेच यंत्र एका ठिकाणी तंत्रज्ञांना डॉक्टरांच्या बरोबरीनं बोलायला जागा देतं आणि दुसऱ्या ठिकाणी तेवढी देत नाही. १९८६चा तो लेख आजही पीएचडीच्या वर्गात वाचला जातो. व्हॅन मानेन यांनी १९७९ साली एका नियतकालिकाचा गुणात्मक पद्धतींवरचा खास अंक संपादित केला, आणि त्यातल्या आपल्या लेखात पहिल्या पातळीवरच्या आणि दुसऱ्या पातळीवरच्या संकल्पना असा भेद मांडला: लोक स्वतः काय म्हणतात ते पहिलं, त्यावरून आपण काय म्हणतो ते दुसरं. हा भेद इशारा म्हणून होता. पोलीस सांगतात ते कधी सजवलेलं असतं, कधी खोटं असतं, आणि संशोधकाला ते खरं वाटलं की दुसरी पातळी फसते. बारा वर्षांनी डेनिस जिओया आणि कुमार चिट्टिपेड्डी यांनी एका विद्यापीठातल्या बदलाचा अभ्यास मांडताना हेच दोन शब्दप्रयोग वापरले. त्या अभ्यासातही बदलाच्या प्रक्रियेत आतून वावरलेला निरीक्षक होता. पुढे जिओया आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली पद्धतीवर लेख लिहिला, त्यात तीन रांगांची ती आकृती होती, आणि याचा ठोकळेबाज वापर करू नये असंही बजावलेलं होतं. बजावणी वाचली न वाचली, आकृती सगळ्यांनी उचलली. फसगतीविषयीचा इशारा आकृतीतली पहिली रांग होऊन बसला. कॅथलीन आयझेनहार्ट यांच्या १९८९च्या लेखाचंही थोडंफार असंच झालं. अनेक कंपन्यांची तुलना करून सिद्धान्त बांधण्याची त्यांची वाट दुसऱ्यांच्या हाती पडून कंपन्या मोजण्याचा नियम झाली. विशेष म्हणजे या दोन लेखांच्या मधल्या काळात, २००९ साली, मायकल प्रॅट यांनी संपादकाच्या भूमिकेतून लिहिलं होतं की गुणात्मक लेख लिहिण्याचा सर्वमान्य साचा अस्तित्वातच नाही. साचा नाही म्हटल्यावर लोकांनी तो घडवून घेतला.

यावर पहिला आक्षेप येईल तो न्यायाचा, आणि तो वजनदार आहे. शेजारी बसून शिकायचं तर शेजारी बसवून घेणारा माणूस हवा. शिकागो, हार्वर्ड, एमआयटी अशा मोजक्या जागी तो होता. इतर हजारो विद्यार्थ्यांना कोण होतं? ज्याच्या गाइडनं आयुष्यात एकही मुलाखत घेतलेली नाही, अशा विद्यार्थ्याला आयझेनहार्ट यांचा लेख किंवा स्ट्राउस-कॉर्बिन यांचं पुस्तक हाच एकमेव आधार असतो. पायऱ्यांनी दार उघडलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या आक्षेपात एक गृहीत धरलेलं असतं, की कसब छापायचं तर ते पायऱ्यांच्याच रूपात छापता येतं. तसं नाही, याचा पुरावा स्ट्राउस यांनीच ठेवला आहे. १९८७च्या आपल्या पुस्तकात त्यांनी विद्यार्थ्यांबरोबरच्या बैठकींची शब्दशः प्रतिलेखनं छापली. एका विद्यार्थिनीनं टिपण आणलं आहे, स्ट्राउस एखाद्या ओळीवर थांबतात, असं का म्हणाला असेल विचारतात, कुणी तर्क करतं, तो मोडीत निघतो, दुसरा येतो. वाचणाऱ्याला सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागत नाही. व्हाइट यांच्या परिशिष्टानंही हेच केलं होतं. पायऱ्यांच्या पुस्तकांच्या मानानं या प्रकारचं लेखन कमी शिकवलं गेलं, कारण पद्धतीच्या प्रकरणात त्याचा हवाला देऊन परीक्षकाचं तोंड बंद करता येत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे. पायऱ्या काढून टाकल्या तर कुणीही काहीही म्हणेल आणि त्याला निरीक्षण म्हणेल. इथे पुन्हा हॉथॉर्नकडेच पाहावं. त्या अभ्यासावर जबर टीका झाली. अ‍ॅलेक्स केरी यांनी १९६७ साली निष्कर्षांना पुरावाच नाही असं म्हटलं. रिचर्ड फ्रँके आणि जेम्स कॉल यांनी १९७८ साली मूळ आकडे पुन्हा तपासून उत्पादनवाढीचं श्रेय मैत्रीच्या वातावरणाऐवजी शिस्त आणि मंदी यांना दिलं. रिचर्ड गिलेस्पी यांनी १९९१ साली सगळी कागदपत्रं वाचून या प्रयोगांचा इतिहासच नव्यानं लिहिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या टीकेचा सर्वांत तीक्ष्ण मारा बसला तो अभ्यासाच्या प्रयोगी, मोजता येणाऱ्या भागावर. आणि हिशेब मागता आला तो नोंदी शिल्लक होत्या म्हणून. हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात त्या आजही आहेत. पद्धतीच्या पायऱ्या पाळल्या की नाही हे तपासून हा खोटेपणा किंवा खरेपणा कुणालाही कळला नसता. रॉय यांच्या कामाचंही तेच. मायकल बुरावॉय १९७४ साली शिकागो भागातल्या एका कारखान्यात पीएचडीसाठी यंत्रावर कामाला लागले, आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं की तीस वर्षांपूर्वी रॉय यांनी काम केलं तो हाच कारखाना. रॉय यांनी रोजची कमाई, रोजचे डावपेच इतके बारकाईनं लिहिले होते, की काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे बुरावॉय यांना ओळीशी ओळ लावून पाहता आलं. निकाल पुन्हा येतो का, हा संख्याशास्त्रज्ञांचा प्रश्न. त्याला गुणात्मक बाजूनं मिळालेलं हे मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उत्तर आहे, आणि ते टिपणांनी दिलं, आकृतीनं नाही.

भारतात व्यवस्थापनशास्त्राचा जन्म होण्याआधीच अशा कामाची सुरुवात झाली होती. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत, म्हणजे अटिरात, कमला चौधरी मानवी संबंधांचा विभाग पाहत होत्या, आणि लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात आले. कामाची इतकी बारीक वाटणी झालेली होती की कोण कोणाबरोबर काम करतो हेच धड ठरलेलं नव्हतं. छोट्या गटांकडे मागांचे संच सोपवायची कल्पना निघाली, आणि कामगारांनी ती आपली म्हणून उचलून धरली. एरिक मिलर १९७० साली त्याच मिलमध्ये परत पाहायला गेले तेव्हा काही ठिकाणी गटपद्धत टिकली होती, काही ठिकाणी विरून गेली होती. एन. आर. शेठ यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस एका कारखान्यात बसून केलेला अभ्यास १९६८ साली पुस्तकरूपात आला. पुढे ते अहमदाबादच्या आयआयएमचे संचालक झाले. त्या संस्थेचा फेलो प्रोग्राम १९७१ साली सुरू झाला, म्हणजे टिपणवहीचं काम केलेली माणसं हाताशी असतानाच. तरीही देशभरच्या व्यवस्थापन विभागांत पीएचडीचं प्रचलित रूप ठरलं ते प्रश्नावली, पाच पर्यायांची उत्तरं आणि गृहीतकांची चाचणी. यूजीसीच्या २००९च्या नियमांनी कोर्सवर्क सक्तीचं केलं आणि त्यात संशोधनपद्धतीचा पेपर आला. गुणात्मक पद्धत पुष्कळ विद्यार्थ्यांना पहिल्यांदा भेटते ती या पेपरातला एक घटक म्हणून, व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे अशा क्रमानं.

मुंबईत मात्र याहून जुनी एक रीत शिल्लक आहे. सर दोराबजी टाटांच्या नावानं १९३६ साली सुरू झालेल्या समाजकार्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, विद्यार्थ्याला वस्तीत किंवा संस्थेत पाठवायचं, झालेलं बोलणं सविस्तर लिहून आणायला लावायचं आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकानं ते समोर घेऊन बसायचं, ही समाजकार्य शिक्षणाची नेहमीची घडी आहे. ही रीत पदवीपुढच्या व्यावसायिक शिक्षणाची म्हणून राहिली. व्यवस्थापनातल्या पीएचडीनं तिच्याकडे पाहिलं नाही. गाइडला वेळ कुठे आहे, असं यावर म्हटलं जाईल. यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. इतक्या जणांनी आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसून कुणा एकाचं टिपण वाचायचं, एवढा वेळ ह्यूज यांनाही काढावाच लागत होता. परीक्षक मानणार नाही, हा खरा अडसर आहे. त्यावर उपाय पद्धतीचं प्रकरण आणखी फुगवण्यात नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात प्रश्नावली जोडायची चाल आपल्याकडे आहेच. गुणात्मक प्रबंधात तिच्या जागी एका मुलाखतीचं मूळ टिपण, नावं-गावं पुसून, त्याच्या समासातल्या शंकांसह आणि बाद केलेल्या पहिल्या अर्थासह जोडायला लावलं, तर परीक्षकाला व्हायवात विचारायला नमुन्याच्या आकड्यापेक्षा बरंच काही मिळेल.